मनाली–लेह सायकलने: अनोळखी माणसांच्या भरवशावर किती राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरमध्ये मनालीहून लेहला सायकलने एकट्याने जायचंय, पहिलीच मोठी टूर आहे. जाऊन आलेले सगळे सांगतात की तिकडची माणसं फार प्रेमळ, कुणाला उपाशी झोपू देत नाहीत. मग तंबू, स्टोव्ह, शिधा हे सगळं ओझं पाच हजार मीटरच्या खिंडींवर कशाला चढवायचं? आणि कुणी घरी नेलंच तर पैसे द्यायचे की नाही? दिले तर वाईट वाटेल का?

या रस्त्याने, तसंच स्पीती आणि झंस्करच्या बाजूने मी बरीच वर्षं सायकल घेऊन जातोय, नवख्यांनाही नेतो. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. मदत मिळते, न मागता मिळते, आणि कधी कधी इतकी मिळते की आपल्यालाच संकोच वाटतो. पण ‘मदत मिळेल का’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की मदत करणारा कोण आहे, त्याच्याकडे मुळात आहे किती, आणि तुम्ही घेतलंत की त्याला काय कमी पडणार आहे. हे एकदा नीट कळलं की ओझं किती न्यायचं आणि पैसे कुठे द्यायचे, ही दोन्ही उत्तरं आपोआप मिळतात.

आधी रस्ता समजून घ्या. लाहौलमधलं दारचा सोडलं की लडाखमधल्या रुमत्सेपर्यंत रस्त्यावर कायम वस्तीचं एकही गाव नाही. मधे बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला अशा खिंडी आहेत. झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, पांग ही नकाशावर गावांसारखी दिसणारी नावं म्हणजे उन्हाळ्यात उभे राहणारे तंबू, पत्र्याच्या शेड आणि लष्कराचे किंवा रस्तेबांधणीचे तळ. म्हणजे या टप्प्यात तुम्हाला ‘घरी बोलावणारं’ कुणी भेटणारच नाही, कारण तिथे कुणाचं घरच नाही. जे भेटतात ते धाबेवाले, ट्रकवाले, रस्त्यावरचे मजूर आणि जवान. चौघांचं देणं वेगळं, आणि चौघांशी वागायची रीतही वेगळी.

धाब्यापासून सुरू करतो, कारण तुमच्या बहुतेक रात्री तिथेच जातील. धाबा हा धंदा आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. बरेचसे धाबे बायका चालवतात. चार महिन्यांच्या कमाईवर त्यांचं वर्ष निघतं. तिथली प्रत्येक वस्तू, गॅस सिलिंडरपासून कांद्यापर्यंत, मनाली, केलाँग (लाहौलमधलं मोठं गाव) किंवा लेहहून गाडीने येते. त्यात पांगच्या उंचीवर, म्हणजे 4,600 मीटरच्या आसपास, पाणी सुमारे 85 अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही, सगळं कुकरमध्ये करावं लागतं, तरी खालच्यापेक्षा गॅस जास्त जातो. त्यामुळे राजमा-चावलचा दर खालच्या ढाब्यापेक्षा जास्त दिसला तर घासाघीस करू नका. ‘आम्ही सायकलवाले, आमचं बजेट कमी’ हे कारण तिथे अजिबात शोभत नाही. हजारो रुपयांची सायकल बाहेर टेकवून ठेवलेली असते आणि आत आपण वीस रुपये कमी करायला सांगत असतो.

पण याच धंद्याच्या आत माणुसकी भरलेली असते. पांगला एका संध्याकाळी मी अंधार पडल्यावर पोचलो. धाब्याच्या बाईंनी ‘खाना क्या लोगे’ असं विचारलंच नाही. आधी चेहऱ्यावर टॉर्च मारली आणि विचारलं, ‘सिर दुखता है? उलटी?’ मी नाही म्हणालो, तर पुन्हा तेच विचारलं, या वेळी माझ्या डोळ्यांत बघत. खात्री पटल्यावर ओले हातमोजे माझ्या हातातून ओढूनच घेतले, स्टोव्हच्या वरच्या तारेवर टाकले आणि एक मोठा कप गरम पाणी दिलं. चहा नंतर. आत गाद्यांची रांग भरलेली होती. त्यांनी आपल्या भाच्याला उठवून सामानाच्या पोत्यांवर पाठवलं आणि त्याची जागा मला दिली. त्या बाईंनी एका मोसमात विरळ हवेने बेजार झालेली इतकी माणसं पाहिलेली असतात, की त्यांचा तो पहिला प्रश्न कुठल्याही गाइडबुकातल्या यादीपेक्षा कामाचा असतो. तेव्हा त्यांना खोटं उत्तर देऊ नका. ‘थोडंसंच दुखतंय’ असेल तर तसंच सांगा.

भाच्याची ती झोप मात्र बिलात धरलेली नसते. म्हणून माझा नियम असा: उशिरा पोचलो, जादा जागा घेतली, रात्री कुणाला उठवलं, तर सकाळी बिलावर वेगळे पैसे ठेवतो आणि ते ‘बिस्तर के’ म्हणूनच देतो, बक्षीस म्हणून नाही. आणि सुटे पैसे जवळ ठेवतो. मधल्या टप्प्यात नेटवर्कचा भरवसा नसतो, त्यामुळे यूपीआय चालेलच असं नाही, आणि केलाँगनंतर एटीएम थेट लेहला. पाचशेची नोट पुढे केली की समोरची व्यक्ती म्हणते, ‘छुट्टा नहीं है, रहने दो.’ आपण त्याला प्रेम समजतो आणि पुढे जातो. खरं तर एक चहा फुकट गेलेला असतो. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटांचं एक जाडसर पुडकं केलाँगलाच करून घ्या.

आता ट्रकवाले. सरचूच्या पुढे गाटा लूप्सची 21 वळणं लागतात. त्यातल्या एका वळणावर एक छोटंसं देऊळवजा ठिकाण आहे आणि भोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. गोष्ट अशी सांगतात, की मोसमाच्या अखेरीला एक ट्रक तिथे बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फाने रस्ता बंद झाला आणि मागे राहिलेला क्लीनर थंडीने आणि तहानेने गेला. तेव्हापासून ड्रायव्हर तिथे पाणी ठेवतात, कुणी सिगारेटही ठेवतं. भुताची गोष्ट म्हणून पर्यटक तिचे व्हिडिओ काढतात. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. या रस्त्यावर ड्रायव्हर थांबून ‘पानी है?’ विचारतो तो तुम्ही पाहुणे आहात म्हणून नाही. उद्या त्याचा ॲक्सल तुटला तर त्यालाही कुणीतरी असंच विचारावं लागणार आहे, म्हणून. देवाणघेवाणीचा हा अलिखित करार आहे आणि सायकलवर बसून तुम्हीही त्यात सामील झालात. बंद पडलेल्या गाडीजवळून ‘आपण काय करणार’ म्हणून मान खाली घालून निघून जाऊ नका. थांबा, विचारा, पुढच्या धाब्यावर निरोप द्या. सायकलवाला हा त्या रस्त्यावरचा उत्तम निरोप्या असतो, कारण तो हमखास प्रत्येक धाब्यावर थांबतो.

ट्रकवाल्याची सर्वांत मोठी मदत म्हणजे लिफ्ट, आणि इथे मात्र डोकं शाबूत ठेवायचं. चढावर तुम्हाला धापा टाकताना बघून कुणीतरी हमखास म्हणेल, ‘अरे, पीछे डाल दो सायकल.’ मनापासून म्हणेल. पण दारचाच्या अलीकडचं जिस्पा साधारण 3,200 मीटरवर आहे आणि सरचू 4,300च्या जवळ. सायकलवर पत्सेओ, झिंगझिंगबार असे मुक्काम करत शरीराला जी उंची दोन-तीन दिवसांत सवयीची होते, ती ट्रक काही तासांत चढवतो. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला. या रस्त्यावर तो काटेकोर पाळता येत नाही, कारण मुक्कामाच्या जागाच ठरलेल्या आहेत. पण म्हणूनच त्यात आणखी उडी मारायची नाही. चढावरची लिफ्ट हात जोडून नाकारा. ‘डॉक्टरने मना किया है’ म्हटलं की कुणाला राग येत नाही.

आजारी पडल्यावरची लिफ्ट ही पूर्ण वेगळी गोष्ट. सरचू आणि पांगमध्ये एक सापळा आहे, तो नकाशावर चटकन दिसत नाही. पांगला डोकं फुटायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, तर खाली उतरायला हवं. पण पांगहून लेहकडे उतरायचं तर आधी 5,300 मीटरच्या वरची तांगलांग ला ओलांडायची, आणि मागे फिरायचं तर पाच हजारांवरची लाचुलुंग ला. म्हणजे स्वतःच्या पायांनी तुम्ही खाली येऊच शकत नाही. तिथे पहिली मिळेल ती गाडी घ्या. सायकल धाब्यावर टाकून द्या, ती कुठे जात नाही. पांगला लष्कराचा तळ आहे, गंभीर त्रास असेल तर धाबेवालेच तुम्हाला तिकडे नेतात. अशा वेळी ‘माझी टूर अखंड राहिली पाहिजे’ या हट्टापायी मदत नाकारणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यामुळे रात्री दोन वाजता चार माणसांना जीप काढावी लागते.

प्रेमाने दिलेल्या आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, गोळ्या. कुणीतरी सहप्रवासी उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सची पट्टी पुढे करेल. ती गोळी घ्यायची की नाही हे घरून निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर विशेष करून. दोन, दारू. गावांमध्ये छांग, म्हणजे घरची जवाची दारू, आग्रहाने देतात. शरीर उंचीला रुळेपर्यंत नको. ओठाला लावून परत ठेवली तरी मान राखला जातो.

रस्त्यावरच्या मजुरांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण मदतीच्या गोष्टी सांगताना त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. सीमा सडक संघटनेसाठी काम करणारी ही माणसं बहुतेक झारखंडच्या दुमका भागातली, काही बिहारची, काही नेपाळची. डांबराच्या पिंपाखाली जाळ करून दिवसभर धुरात उभी असतात, रात्री रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली झोपतात. तुमच्याशी हिंदीत गप्पा मारतील, सायकल उचलून बघतील, गिअर मोजतील आणि हमखास चहा देतील. चहा घ्या, नाही म्हणू नका. पण जेवण घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. त्यांचं राशन मोजून येतं. उलट तुमच्याकडची बिस्किटं, चिक्की, गुळाचा खडा तिथे काढा आणि चहाबरोबर सगळ्यांत फिरवा. पैसे काढू नका, चहाला पैसे दिले की त्या दहा मिनिटांचा रंगच जातो. इतक्या प्रवासानंतर माझं मत असं झालंय, की ज्याच्याकडे सर्वांत कमी असतं तो सर्वांत आधी हात पुढे करतो. म्हणूनच घेणाऱ्याने हिशेब ठेवायला हवा, देणारा ठेवत नाही.

घरी बोलावण्याचा प्रसंग येईल तो रुमत्सेच्या पुढे, किंवा दारचाच्या आधी लाहौलमध्ये. घरं जास्त हवी असतील तर दुसरा रस्ताही आहे: दारचाहून शिंकू ला ओलांडून झंस्करमार्गे लेहजवळच्या निम्मूला जाणारा. तो मार्च 2024 मध्ये जोडला गेला. तिथे गावं लागतात, पण रस्ता काही ठिकाणी कच्चा आहे. पहिल्या टूरला मी तो सुचवणार नाही. स्पीतीत तर गावागावात होमस्टे आहेत.

होमस्टेची पाटी असेल तर प्रश्न संपला: दर विचारा, पूर्ण द्या. पाटी नसलेल्या घरात नेलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात नोटा कोंबू नका. निघताना घरातल्या बाईंना किंवा तरुण मुलाला बाजूला घेऊन ‘रसोई के लिए’ म्हणून द्या. दोनदा नाही म्हणतील. तिसऱ्यांदाही मनापासून नाही म्हणाले तर परत खिशात ठेवा आणि चहा पावडर किंवा दूध पावडरचं पाकीट ठेवून या. मी अशी दोन पाकिटं नेहमी पॅनियरच्या (कॅरिअरला लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी ठेवतो, फक्त याच कामासाठी. मुलांना चॉकलेट, पेन वाटत सुटू नका. पुढच्या सायकलवाल्याला ती मुलं रस्त्यात अडवतात, आणि तो दोष त्यांचा नसतो.

आत गेल्यावर बसायची घाई नको. स्वयंपाकघर हीच बैठक असते आणि चुलीजवळची जागा मोठ्यांची. तुम्हाला ती देतील, पण आपणहून जाऊन बसू नका. लोणी-मिठाचा चहा प्रत्येक घोटानंतर पुन्हा काठोकाठ भरला जातो. पुरे झाला की कप भरलेलाच राहू द्या, उठताना शेवटी संपवा. संडास बहुधा कोरडा असतो, खाली साठलेलं खत वसंतात शेतात जातं. तिथे पाणी ओतू नका, ओले वाइप्स किंवा प्लास्टिक तर मुळीच टाकू नका, फावडंभर माती टाकून या. आणि जळण. छपरावर रचलेल्या शेणाच्या गोवऱ्या म्हणजे त्या घराचा हिवाळा असतो. ‘आंघोळीला गरम पाणी मिळेल का’ हे विचारू नका. ते नाही म्हणणार नाहीत, अडचण तीच आहे. दोन-चार दिवस न आंघोळता कुणाचं काही बिघडत नाही.

तुमचा महिना सप्टेंबर. गावांमध्ये तो कापणीचा काळ. वर्षाचं एकच पीक, बर्फाआधी घरात यायला हवं. अशा वेळी दुपारी चार वाजता दारात पाहुणा येणं म्हणजे एक माणूस शेतातून कमी होणं. उजेड असेपर्यंत तुम्हीच शेतावर जा, पेंढ्या उचलायला लागा. दम लागेल, ते हसतील, आणि संध्याकाळच्या थुक्पाच्या (नूडल्सच्या सूपच्या) वेळी तुम्ही परके राहणार नाही.

आता ओझ्याचा प्रश्न. माझी मोजपट्टी साधी आहे: कुठल्याही क्षणी, कुठल्याही वळणावर, कुणीही न भेटता एक रात्र गरम आणि दीड दिवस पोटभर काढता आली पाहिजे. म्हणजे शून्याखालच्या थंडीची स्लीपिंग बॅग आणि मॅट, छोटा एकखांबी तंबू, न शिजवता खाता येईल असं अन्न, पाण्याचा फिल्टर. हे सोडू नका. स्टोव्ह जुलै-ऑगस्टमध्ये खुशाल घरी ठेवा, धाबे भरपूर असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मी तो नेतो. मोबाइलचंही आधीच बघा: लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. घरच्यांना सांगून ठेवा की काही दिवस फोन येणार नाही. नाहीतर प्रत्येक थांब्यावर कुणाचा तरी फोन मागत फिराल.

बाईने एकटीने जावं का, हे विचारलेलं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी मनात असेल. मी पुरुष आहे, त्यामुळे माझ्या निर्धास्तपणाला मर्यादा आहेत. माझ्याबरोबर आलेल्या आणि नंतर एकट्या गेलेल्या मैत्रिणी सांगतात ते असं: बाई चालवत असलेला धाबा निवडायचा, तिच्या शेजारची गादी मागून घ्यायची, आणि रस्त्यात कुणी विचारलं तर ‘मागून ग्रुप येतोय’ म्हणायचं. इतकं खोटं चालतं.

परतफेडीचंही सांगतो, कारण ती सायकलवाल्याला जमते तशी इतर कुणाला जमत नाही. गावात पोचलात की तासाभरात एखादं पोर आपली सायकल ढकलत आणतं. मागचं चाक बसलेलं असतं, बहुतेक वेळा पंक्चर नसतंच. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमधली ती बारीक रबरी नळी कोरड्या हवेने चिरलेली असते. जुनी नळी काढायची, नवी थुंकी लावून सरकवायची, वरची चकती आवळायची, हवा भरायची. पाच मिनिटं लागतात. मग दुसरं पोर, मग तिसरं. हातभर व्हॉल्व्ह ट्यूब, काही पॅचेस आणि सोल्युशनची एक जादा नळी यांचं वजन शंभर ग्रॅमही भरत नाही. काम करताना पोराच्या हातात टायर काढायचा लिव्हर द्या, दुसरं चाक त्याला करू द्या.

तुमच्या तारखांबद्दल. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघालात तर धाबे बहुतेक उभे मिळतील. त्यानंतर एकेक तंबू उतरायला लागतो, आणि तो कधी उतरेल हे पहिल्या बर्फावर ठरतं, कॅलेंडरवर नाही. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगवरची बरीच वाहतूक तिकडे वळली आणि खिंडीपलीकडच्या कोकसरच्या धाब्यांची गिऱ्हाइकं तुटली, त्यामुळे तिथली माहिती तर हमखास शिळी असते. केलाँगला एक दिवस थांबा, लेहहून उतरलेल्या ट्रकवाल्यांना गाठा आणि ठिकाणांची नावं घेऊन विचारा: भरतपूरला कोण आहे, सरचूला किती तंबू आहेत, पांगला कोण थांबलंय. दोघांचं उत्तर जुळलं की निघा.